वाचकांचे प्रश्न: आईच्या दुधातली न पचणारी साखर

आईच्या दुधातल्या ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा बाळाला जंतूंपासून कशा वाचवतात, याबद्दल पुण्याच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या पत्रांपैकी नऊ या अंकात घेतली आहेत. काही पत्रं लांब होती, त्यांचा गाभा तेवढा ठेवला आहे. उत्तरं बालरोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोन्ही विषयांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत.

आईच्या दुधात बाळाला न पचणारी साखर असते असं वाचलं. पचतच नसेल तर ती तिथे कशाला? आणि साखरेने जंतू वाढतील की मरतील? (वारजे)

दुधातली मुख्य साखर लॅक्टोज. लिटरमागे साधारण ७० ग्रॅम. ती पचते आणि बाळाला ताकद देते. तुम्ही वाचलंत ते दुसऱ्या गटाबद्दल. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, एन-ॲसिटिलग्लुकोसमीन, फ्युकोज आणि सियालिक ॲसिड या पाच घटकांच्या छोट्या-मोठ्या साखळ्या म्हणजे ऑलिगोसॅकराइड. त्यांचे दीडशेहून जास्त प्रकार ओळखले गेले आहेत. पहिल्या काही दिवसांच्या चिकात त्या लिटरमागे २० ते २५ ग्रॅम असतात, पुढच्या दुधात ५ ते १५ ग्रॅम. म्हणजे प्रथिनांच्या बरोबरीने, कधी त्याहूनही जास्त. गाईच्या दुधात त्या नाममात्र असतात.

या साखळ्या तोडणारी पाचकद्रव्यं बाळाच्या आतड्यात नाहीत. शेकडा एखादा भाग रक्तात शोषला जातो आणि लघवीतून बाहेर पडतो. बाकी सगळा ऐवज जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो आणि त्याचं खरं काम तिथे सुरू होतं.

पहिलं काम, योग्य त्या जिवाणूंना खाऊ घालणं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी टिसिए यांना १८९९ च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये फाटे फुटलेला एक जिवाणू दिसला. आज त्याच्या कुळाला आपण बिफिडोबॅक्टेरियम म्हणतो. आईच्या दुधातलं नेमकं काय त्याला वाढवतं याचा छडा १९५४ मध्ये पॉल ज्यॉर्जी आणि रिचर्ड कून यांनी लावला आणि बोट या शर्करांकडे गेलं. या कुळातल्या इन्फँटिस या उपजातीची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती साखळी अख्खीच पेशीच्या आत ओढून घेते आणि आत तोडते. शेजारच्या जंतूंना त्यातलं उष्टंही मिळत नाही. साखर खाऊन ती ॲसिटिक आणि लॅक्टिक आम्ल सोडते, आतडं आम्लधर्मी होतं, आणि ई. कोलाय किंवा क्लेबसिएलासारख्यांना तिथे पाय रोवणं अवघड जातं. अंगावर पिणाऱ्या बाळाची पिवळी, सैल, किंचित आंबूस शी हा या कारभाराचाच परिणाम असतो. तिला ‘अपचन’ म्हणून औषध शोधू नका.

दुसरं काम चकवा देण्याचं. आजार करायचा तर जंतूला आधी आतड्याच्या पेशीला चिकटावं लागतं, आणि चिकटण्यासाठी तो पेशीवरच्या साखरेचा विशिष्ट आकार शोधतो. दुधातल्या काही शर्करांचा आकार हुबेहूब तसाच असतो. जंतू त्यांनाच धरून बसतो आणि स्वारगेटला चुकीच्या एसटीत चढलेल्या प्रवाशासारखा भलतीकडेच, म्हणजे दुपट्यात, जाऊन पोचतो. जुलाब करणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरच्या बाबतीत हे २००३ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. पुढच्याच वर्षी मेक्सिकोतल्या बाळांचा अभ्यास आला. ज्या आयांच्या दुधात २ प्राइम फ्युकोसिललॅक्टोज ही शर्करा जास्त होती, त्यांच्या बाळांना कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब कमी झाले होते.

तिसरं काम थेट मारा करण्याचं, पण ते काही ठरावीक जंतूंपुरतं. त्याबद्दल खाली बावधनच्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे. तुमच्या ‘वाढतील की मरतील’ला एका शब्दात उत्तर नाही. ज्याच्याकडे ही साखळी तोडायची हत्यारं आहेत तो वाढतो. रोग करणाऱ्या बहुतेक जंतूंकडे ती नसतात.

सुनेला सातवा महिना आहे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी यांनी दुधातल्या या साखरा वाढतात का? तिला गरोदरपणातला मधुमेह आहे, म्हणून दूध जास्त गोड होईल का? (कोथरूड)

नाही, आणि नाही.

या शर्करा स्तनातल्या पेशी लॅक्टोजवर एकेक घटक जोडत स्वतः तयार करतात. कुठला घटक जोडता येणार हे जनुकं ठरवतात. एफयूटी-२ हे जनुक काम करत नसेल तर वर सांगितलेली २ प्राइम फ्युकोसिललॅक्टोज दुधात जवळपास नसतेच. अशा आया कमी नाहीत. अनेक लोकसमूहांत पाचातली एखादी तरी अशी निघते. म्हणून त्यांचं दूध हलकं ठरत नाही, त्यात दुसऱ्या शर्करा असतात. आपण कुठल्या गटात, ही तपासणी करण्यात पैसे घालवू नका. उत्तर काहीही आलं तरी सल्ला बदलत नाही.

खीर-लाडू बाळंतिणीच्या पोटाला आधार म्हणून जरूर द्या, पण मधुमेह आहे तेव्हा गूळ-साखर-तुपाचं माप तिच्या डॉक्टरांना विचारून. दुधाची गोडी लॅक्टोजवर असते आणि ती आईच्या रक्तातल्या साखरेबरोबर वरखाली होत नाही. उलट मधुमेही आईच्या बाळाची साखर जन्मानंतर एकदम उतरू शकते, म्हणून पहिल्या तासाच्या आत पाजणं आणि पुढे दर दोन-तीन तासांनी पाजत राहणं तिच्यासाठी जास्तच महत्त्वाचं. प्रसूतीच्या खोलीत कोण जाणार याची चर्चा आधीच करता ना, तेव्हा ‘पहिलं पाजणं कोण बघणार’ हेही ठरवून टाका.

आमच्याकडे पाचवीला मध-सोनं चाटवतात आणि महिन्यापासून गुटी देतात. आमची सगळी मुलं त्यावरच वाढली. डॉक्टर नको म्हणतात. चार थेंबांनी असं काय बिघडतं? (सदाशिव पेठ)

आजी, थेंब किती यापेक्षा त्यातून काय जातं ते महत्त्वाचं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात. मग बद्धकोष्ठ, मलूल रडणं, मान टाकणं, श्वासाचे स्नायू ढिले पडणं अशा पायऱ्यांनी आजार चढतो. तो क्वचित होतो, पण झाला तर बाळ व्हेंटिलेटरवर जाऊ शकतं. घरी मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत. म्हणून एक वर्ष पुरं होईपर्यंत मध नाही. यात मधला मार्ग नाही.

गुटीचं दुखणं वेगळं आहे. वेखंड, मुरडशेंग, हिरडा, सुंठ, जायफळ हे तुकडे रोज ओल्या सहाणेवर उगाळून पुन्हा त्याच डबीत जातात. ओलसर डबीत बुरशी धरते. सहाणेच्या बारीक भेगांत कालचा लेप राहतो. पाणी कधी उकळलेलं असतं, कधी माठातलं. म्हणजे ज्या आतड्यात आईचं दूध ठरावीक जिवाणूंची वस्ती बसवू पाहतंय, तिथेच आपण रोज बाहेरचे जंतू नेऊन सोडतो. शिवाय प्रत्येक वेळी वेखंड-जायफळ किती उगाळलं गेलं याला माप नसतं. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं, आणि घरचे म्हणतात, शांत झोपलं.

सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नको. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातही नको, कारण दुधात शेकडा ८७-८८ भाग पाणीच असतं. पाचवीचा विधी करायचाच असेल तर चमच्याच्या टोकावर आईच्याच दुधाचा थेंब द्या. सटवाईची हरकत असल्याचं ऐकिवात नाही.

आणखी एक. काही घरांत चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकतात. वरचे आकडे पाहा, शर्करा सर्वांत दाट असतात त्या त्याच दुधात. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम २ ते १० मिली पितं. तेवढंच त्याला हवं असतं.

३६ व्या आठवड्यातल्या स्वॅबमध्ये ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस सापडला. प्रसूतीच्या वेळी शिरेतून पेनिसिलिन देणार म्हणाले. आईच्या दुधातल्या साखरा हाच जंतू मारतात असं वाचलं. मग प्रतिजैविक टाळता येईल का? (बावधन)

टाळू नका.

तुम्ही वाचलेलं संशोधन खरं आहे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २०१७ मध्ये काही आयांच्या दुधातून या शर्करा वेगळ्या काढून ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसवर टाकल्या. काही नमुन्यांनी जंतूची वाढ रोखली. काहींनी त्याचं चिकट संरक्षक आवरण, म्हणजे बायोफिल्म, विस्कटलं. मात्र सगळ्या आयांच्या शर्करांचा परिणाम सारखा नव्हता. त्याआधी गांबियातल्या आया-बाळांच्या अभ्यासात दिसलं होतं की दुधात विशिष्ट शर्करा असेल तर बाळाच्या आतड्यातून हा जंतू पहिल्या दोन-तीन महिन्यांत निघून जाण्याची शक्यता जास्त असते.

पण वेळेचं गणित बघा. आईकडून बाळाला लागणारा लवकरचा संसर्ग पहिल्या आठवड्यात होतो आणि त्यातला बहुतेक पहिल्या चोवीस तासांत. जंतू जन्ममार्गातच बाळाच्या फुप्फुसात जाऊ शकतो. तोवर दुधाचा घोटही पोटात गेलेला नसतो. पेनिसिलिन हे त्या तासांसाठी आहे. पहिला डोस जन्माच्या किमान ४ तास आधी गेला तर पुरता उपयोग होतो, पुढे दर ४ तासांनी देतात. म्हणून कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं की ‘बघू थोडा वेळ’ न म्हणता निघा आणि पोचल्याबरोबर रिपोर्ट दाखवा. बावधनहून चांदणी चौकाच्या बाजूने संध्याकाळी किती वेळ लागतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. आठवडे आधी गोळ्या घेऊन उपयोग नाही, जंतू परत येतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आत्ताच सांगा, दुसरं औषध ठरवायला वेळ लागतो. सिझेरियन आधीच ठरलेलं असेल, कळा नसतील आणि पाणी गेलेलं नसेल, तर या जंतूसाठी वेगळं पेनिसिलिन लागत नाही. शस्त्रक्रियेचं नेहमीचं प्रतिजैविक मात्र देतात.

इंजेक्शन घेतल्यावरही अंगावर पाजायचंच. उशिराचा संसर्ग सात दिवसांनंतर तीन महिन्यांपर्यंत कधीही होऊ शकतो आणि पेनिसिलिन तो थांबवत नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, हलवूनही जागं होईना, श्वास मिनिटाला ६० च्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली, काखेत ताप ३७.५ अंश किंवा जास्त भरला किंवा ३५.५ च्या खाली उतरला, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. सकाळची ओपीडी उघडण्याची वाट पाहू नका.

बाळ ३० व्या आठवड्यात झालं. पेटीत आहे, वजन १३०० ग्रॅम. मला दूध थेंबभरच येतं. डॉक्टर दूधपेढीतलं दूध देऊ म्हणतात. ते तापवलेलं असतं, मग त्यात काही उरतं का? (धनकवडी)

उरतं, आणि तुमच्या बाळाला लागणारं बरंच काही उरतं. पेढीत दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात. त्यात जिवंत पेशी आणि चरबी पचवणारं लायपेज नष्ट होतं, आयजीए प्रतिपिंडं आणि जंतूंना रोखणारं लॅक्टोफेरिन हे प्रथिन घटतं. या शर्करा उष्णतेला दाद देत नाहीत, त्या जवळपास सगळ्या टिकतात. कमी दिवसांच्या बाळांना सर्वांत मोठी भीती असते ती आतड्याच्या भिंतीचा भाग कुजण्याची, म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिसची. पेढीच्या दुधाऐवजी पावडरचं दूध दिलं तर ही भीती जवळपास दुप्पट होते. डायसियालिललॅक्टो-एन-टेट्राओज ही शर्करा यात विशेष कामाची दिसते. उंदरांवरच्या प्रयोगात तिने आतडं वाचवलं, आणि पुढे ज्या बाळांना हा आजार झाला त्यांच्या आयांच्या दुधात ती कमी आढळली.

आशियातली पहिली मानवी दूधपेढी मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. पुण्यात ससूनमध्ये पेढी आहे, काही धर्मादाय रुग्णालयांतही आहे. दात्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस यांसाठी तपासणी होते आणि दुधाचं कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का, ते पाहतात. दूध देणारीला पैसे देत नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवरून ओळखीच्या बाईचं कच्चं दूध आणवू नका, मग ती कितीही निरोगी दिसो.

तरी पहिला मान तुमच्या स्वतःच्या दुधाचा. तो थेंबसुद्धा वाया घालवायचा नाही. एक मिलीच्या सिरिंजमध्ये चीक गोळा करा. नर्सना विचारून त्यातला ०.१ मिली एका गालाच्या आत आणि ०.१ मिली दुसऱ्या गालाच्या आत, दर दोन ते चार तासांनी लावता येतो. बाळ गिळू शकत नसलं तरी हे चालतं.

दूध वाढवायला हाताने काढणं चुकवू नका. दिवसरात्र मिळून आठ वेळा, त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची. हात साबणाने धुवा, कोमट ओल्या फडक्याने दोन मिनिटं शेका, बोटांच्या टोकांनी गोल गोल चोळा. मग अंगठा वर आणि तर्जनी खाली, स्तनाग्रापासून अडीच-तीन सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीच्या बाजूला मागे दाबा, नंतर बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. लयीत करत राहा. बोटं कातडीवरून घसरवू नका, त्याने कातडी सोलवटते आणि दूध येत नाही. स्तनाग्र चिमटीत धरून ओढणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. दुधाच्या गाठी मागे असतात, टोकाला नाही. धार मंदावली की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी फिरवून दुसरीकडे ठेवा, पाच मिनिटांनी बाजू बदला. एकूण वीस ते तीस मिनिटं. पहिले दोन दिवस थेंबच येतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा भरतो. कमी दिवसांच्या बाळंतिणीत तो दोन-तीन दिवस लांबतोही. बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरायची परवानगी, म्हणजे कांगारू पद्धत, मिळाली की त्यानंतर लगेच दूध काढून पाहा, बहुतेकींना जास्त येतं.

घरीच क्लास घेते. बाळ तीन महिन्यांचं आहे. दुपारी चार तास सासूबाई पाजतील. काढलेलं दूध किती टिकतं? ठेवून ठेवून त्यातल्या साखरा जातात का? फ्रीजरमधल्या दुधाला साबणासारखा वास येतो. (हडपसर)

साखरा जात नाहीत. फ्रीजर, उकळी, काहीही असो, त्या चिवट आहेत. जपायचं ते दुधात बाहेरून जंतू पडू नयेत म्हणून.

खोलीचं तापमान २५ अंशांच्या आत असेल तर ४ तास. पुण्याच्या डिसेंबरात हे जमतं. एप्रिल-मेमध्ये खोली ३३-३४ वर जाते तेव्हा काढल्याबरोबर फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, दारात नाही, २४ तास धरा. परदेशी सल्ल्यांत चार दिवस लिहिलेले असतात, पण दिवसातून वीस वेळा उघडणाऱ्या आणि अधूनमधून वीज जाणाऱ्या फ्रीजला ते लावू नका. एकदारी फ्रीजच्या आतल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे, वेगळ्या दाराच्या उणे १८-२० अंशांच्या फ्रीजरमध्ये तीन महिने. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाणार असेल, आणि आपल्याकडे तो बहुधा गुरुवारच असतो, तर आदल्या रात्री फ्रीजरमधल्या मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा आणि दार उघडू नका. डबीत अजून बर्फाचे खडे असतील तर परत गोठवता येतं. पूर्ण वितळलं असेल तर फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवा.

झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या लहान डब्या घ्या, प्रत्येकीत ६० ते ९० मिली, वर तारीख. पाऊण इंच रिकामं ठेवा, दूध गोठताना फुगतं. ताजं कोमट दूध आधीच्या गार दुधात थेट ओतू नका, आधी ते वेगळं गार करा. आदल्या रात्री डबी फ्रीजरमधून फ्रीजमध्ये काढा, पाजताना कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. तिथे दूध एका जागी कडकडीत आणि दुसऱ्या जागी गार राहतं, टाळू भाजते. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. उष्टं उरलं तर दोन तासांत संपवा, नाहीतर टाका. सासूबाईंना टाकवत नाही हे माहीत आहे, म्हणूनच डब्या लहान ठेवा.

पंप वापरत असाल तर खरी गडबड तिथे होते. पंपाचे भाग बेसिनमध्ये किंवा भांड्यांच्या घासणीने धुऊ नका. बेसिनच्या जाळीत आणि ओल्या स्पंजात जेवढे जंतू असतात तेवढे संडासाच्या कडीवरही नसतील. वेगळं पातेलं, वेगळा ब्रश. प्रत्येक वापरानंतर साबणाने धुवा, दिवसातून एकदा ५ मिनिटं उकळा, स्वच्छ फडक्यावर पसरून हवेत पूर्ण वाळवा. नळीत ओल दिसली तर पंप काही मिनिटं नुसता चालू ठेवा.

साबणाचा वास लायपेजमुळे येतो. ते गोठलेल्या दुधातही चरबी हळूहळू फोडत राहतं. दूध नासलेलं नसतं. बाळ पीत असेल तर काही करू नका. नाकारत असेल तर ताजं दूध गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळी येऊ न देता उतरवा, लगेच गार पाण्यात भांडं ठेवा. यात प्रतिपिंडं थोडी कमी होतात, म्हणून सगळ्या दुधाला हे करू नका. नासलेल्या दुधाचा वास आंबट असतो, तो वेगळा ओळखता येतो.

जुळी आहेत, दूध पुरत नाही. पावडरच्या डब्यावर ‘एचएमओयुक्त’ लिहिलं आहे, किंमत बरीच जास्त. घ्यावा का? (पिंपळे सौदागर)

एचएमओ म्हणजे याच शर्करा. डब्यात त्यांचे एक-दोन, फार तर पाच-सहा प्रकार असतात. ते जिवाणूंकडून टाक्यांमध्ये तयार करवून घेतात. रेणू आईच्या दुधातल्यासारखाच असतो, बनावट नसतो. काही चाचण्यांत अशी पावडर पिणाऱ्या बाळांत श्वसनाच्या तक्रारी कमी दिसल्या. पण दीडशेच्या जागी पाच, आणि सोबतची प्रतिपिंडं शून्य. परवडत असेल तर हरकत नाही. कर्ज काढून नको. तेच पैसे चांगल्या स्तनपान सल्लागाराच्या दोन भेटींना दिलेत तर जुळ्यांना अंगावरचं दूध जास्त मिळेल असा आमचा अंदाज आहे. दिवसाला ३०० मिली तुमचं दूध गेलं तरी दीड ते साडेचार ग्रॅम अस्सल शर्करा पोटात जातात. आधी अंगावर, मग कमी पडेल तेवढं वरचं.

दुकानात किंवा दवाखान्यात कुणी फुकट नमुना हातात ठेवला तर तो बेकायदा आहे हे लक्षात असू द्या. १९९२ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात, फुकट नमुने आणि डब्यावर बाळाचं चित्र यांवर बंदी आहे.

पावडरचा डबा निर्जंतुक नसतो. त्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला असू शकतो. म्हणून पाणी खळखळ उकळा, अर्ध्या तासाच्या आत, ते ७० अंशांच्या खाली उतरण्याआधी, पावडर घाला. डब्यावर ‘कोमट पाणी’ लिहिलेलं दिसेल. लहान किंवा कमी दिवसांच्या बाळासाठी आम्ही ७० अंशांचाच आग्रह धरू. बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला १ सपाट चमचा हे माप असतं. आधी पाणी मोजायचं, नंतर पावडर. डबा पुरवायला पातळ केलं तर बाळाचं वजन खुंटतं, दाट केलं तर शरीरात मीठ चढतं. भांडं गार पाण्यात धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. दोन तासांत उरलेलं टाका. थर्मासमध्ये तयार दूध भरून ठेवणं म्हणजे जंतूंना हवं तेच ऊबदार घर देणं, तेव्हा थर्मासमध्ये फक्त गरम पाणी न्या.

बिफिडोबॅक्टेरियमचे थेंब मिळतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला द्यावेत का? (औंध)

निरोगी, पुऱ्या दिवसांच्या बाळाला गरज नाही. ओडिशात ४५५६ बाळांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि एक वनस्पतिजन्य शर्करा आठवडाभर दिल्यावर सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग, आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. हे मोठं यश आहे. पण तो विशिष्ट जिवाणू, विशिष्ट मात्रा आणि अडीअडचणीच्या खेड्यातली बाळं होती. दुकानातली कुठलीही बाटली म्हणजे ते औषध नव्हे. कमी दिवसांच्या बाळाला तर स्वतःच्या मनाने अजिबात नको. असे जिवाणू दिलेल्या एका कमी दिवसांच्या बाळाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे.

पाच महिन्यांच्या बाळाला जुलाब लागलेत. फक्त अंगावर पितो, मग जुलाब झालेच कसे? दूध बंद करू का? (येरवडा)

बंद करू नका, जास्त वेळा पाजा. या शर्करा प्रत्येक जंतूला अडवतात असं नाही. वेल्लोरच्या नवजात बाळांमध्ये आढळणाऱ्या रोटाव्हायरसच्या एका प्रकाराबाबत तर उलटच दिसलं. आईच्या दुधातल्या काही शर्करा त्याला पेशीत शिरायला मदत करत होत्या. हा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही जुलाबात पाणी, मीठ आणि पोषण भरून काढायला आईच्या दुधाइतकं काही नाही. ६, १०, १४ आठवड्यांचे रोटाव्हायरसचे डोस राहिले असतील तर डॉक्टरांना तसं सांगा. डोस देताना पुढे-मागे पाजणं थांबवायची गरज नसते.

प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएस वाटी-चमच्याने, एका मिनिटाला एक चमचा या बेताने, एकूण ५० ते १०० मिलीपर्यंत. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू करा. एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच, अर्धं पाकीट अंदाजाने नको. झिंक रोज १० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. जुलाब थांबवायच्या मोठ्यांच्या गोळ्या देऊ नका. शीत रक्त, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश परत जाते, यातलं एकही दिसलं तर ओआरएस पाजत पाजतच रिक्षात बसा.